कुर्ती छातीत बसते, दंडात अडकते: स्वस्त रेडीमेडमध्ये आपला साइज कसा काढायचा

तक्रार नेहमीची आहे. एका दुकानातला एल नीट बसतो, शेजारच्या दुकानातला एल खांद्यावरून खाली उतरत नाही, आणि घरी मागवलेला एल ढगळ निघतो. कधी कधी तर एकाच रॅकवरच्या दोन एल कुर्त्यांत फरक पडतो. बहुतेक जणी यावर पुढचा साइज घेऊन मोकळ्या होतात. तो उपाय बऱ्याचदा फसतो, कारण कपडा नेमका कुठे घट्ट आहे हे न बघताच अख्खा कपडा मोठा घेतलेला असतो.

त्यापेक्षा अक्षर बाजूला ठेवा आणि कपड्याचं माप इंचांत बघा. आपल्या अंगाची जी जागा शिंप्याकडूनही नंतर सैल करून मिळणार नाही, त्या जागेवरून साइज ठरवा. बाकी ठिकाणी जास्तीचं कापड आत घेता येतं.

एकाच अक्षराची इतकी मापं का

प्रत्येक ब्रँड एका मधल्या साइजचा मूळ पॅटर्न बनवतो आणि तिथून वर-खाली ठरावीक इंच वाढवत-घटवत बाकीचे साइज काढतो. मूळ पॅटर्न कुणाच्या अंगावर बेतला आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. सगळ्यांनी पाळावा असा भारतीय तक्ता नव्हता, म्हणून निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन शिक्षणसंस्थेने 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची आणि २५,००० जणांची मोजणी करायची, अशी आखणी होती. निफ्टचा मुंबई कॅम्पस आपल्या खारघरमध्येच आहे. दुकानात मात्र आजही ज्याच्या-त्याच्या ब्रँडचा तक्ता चालतो.

एका छताखालीही माप एक नसतं. पँटलून्समध्ये रंगमंच आणि हनी, ट्रेंड्समध्ये अवासा आणि रिओ, वेस्टसाइडमध्ये उत्सा आणि न्यूऑन ही वेगवेगळी लेबलं आहेत. कुर्तीचं लेबल आणि टॉप-ड्रेसचं लेबल यांचे पॅटर्न वेगळे असतात. कुर्तीत साधारणपणे एस म्हणजे ३६, एम ३८, एल ४०, एक्सएल ४२ असा हिशोब चालतो, तर वेस्टर्न टॉपमध्ये एम बऱ्याचदा ३४ ते ३६ छातीसाठी असतो. म्हणून 'मी या दुकानात एम आहे' एवढं पुरत नाही. 'या लेबलच्या कुर्तीत एम, त्याच दुकानाच्या टॉपमध्ये एल' अशी नोंद ठेवावी लागते. वेस्टसाइड आणि झुडिओ दोन्ही ट्रेंट कंपनीची असली, तरी एकाचा साइज दुसऱ्यात गृहीत धरू नका.

एकाच रॅकवरचा फरक येतो तो कापण्या-शिवण्यातून. कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एकदम कापले जातात. सुळसुळीत कापडाचे थर सरकतात, आणि वरच्या-खालच्या तुकड्यांत फरक पडतो. शिवताना टीप दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर गेली, की चार शिवणींत मिळून अर्धा इंच जातो. कारखान्यात छातीच्या मापात साधारण अर्ध्या इंचाची चूक चालवून घेतात. म्हणजे एक एल अर्धा इंच कमी आणि दुसरा अर्धा इंच जास्त असेल, तर दोघांत पूर्ण एक इंचाचं अंतर पडलं. रंग बदलला की डाय आणि वॉश बदलतो, आणि त्यानेही माप हलतं. निळी जीन्स बसली म्हणून त्याच साइजची काळी न घालता उचलू नका.

टॅगवर एक उपयोगाची गोष्ट असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पॅकबंद नसलेल्या तयार कपड्यांवर एस, एम, एल बरोबर सेंटीमीटरमधलं मापही द्यावं, असा नियम वजनमापांच्या नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीत आला. टॅगवर ९२ सेंमी असेल तर ते साधारण ३६ इंच, ९७ म्हणजे ३८, १०२ म्हणजे ४० आणि १०७ म्हणजे ४२. आकड्याजवळ 'टू फिट' लिहिलेलं असेल तर ते अंगाचं माप आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर टेप लावून खात्री करा. कपडा टॅगपेक्षा तीन-चार इंच मोठा भरला, तर टॅगवरचं माप अंगाचं आहे.

घरी एकदाच घ्यायची मापं

शिवणकामाच्या दुकानात मिळणारी १५० सेंटीमीटरची नवी टेप घ्या. जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असते. बाहेर जाताना जी ब्रा घालता ती घालूनच मापं घ्या, कारण पॅडेड आणि साध्या ब्रामध्ये छातीचं माप इंचभर सहज बदलतं. पाळीच्या आधी पोट फुगतं, ते दिवस टाळा.

छाती सर्वांत भरलेल्या जागी मोजा, टेप पाठीवर घसरू देऊ नका. कंबर बेंबीच्या थोडी वर, जिथे अंग सर्वांत बारीक आहे तिथे. सीट त्याखाली सात ते नऊ इंचांवर, जिथे सर्वांत रुंद भरते तिथे. आरशात बाजूने उभं राहून बघा, नाहीतर टेप वर राहते आणि माप दोन इंच कमी येतं. दंडघेर काखेच्या जरा खाली, हात सैल सोडून. शोल्डर मागून, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. शोल्डर ते कंबर हे माप गळ्याजवळच्या खांद्याच्या टोकापासून छातीवरून खाली घ्या. पँटसाठी आतली लांबी आणि आसन, म्हणजे जांघेतल्या जोडापासून पट्ट्यापर्यंतची उंची, लागतं.

यापेक्षाही कामाचं माप म्हणजे आपल्या कपाटातल्या सर्वांत छान बसणाऱ्या कुर्तीचं. ती पलंगावर सपाट पसरा, सुरकुत्या काढा, ताणू नका. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. तसंच सीटच्या रेषेत, बाहीवर काखेच्या एक इंच खाली, आणि शोल्डरवर. हे चार आकडे फोनमध्ये ठेवा. दुकानात कपडा तपासताना हेच आकडे समोर ठेवायचे आहेत. एक सैल रेयॉनची आणि एक सरळ कॉटनची, अशा दोन कुर्त्या मोजल्या तर आणखी बरं.

अंगापेक्षा कपडा किती मोठा हवा? न ताणणाऱ्या कापडात छातीला २ ते ४ इंच, सीटला ३ ते ४, दंडाला दीड ते दोन. अस्तर असेल तर यातला मोठा आकडा धरा. होजियरीचा टी-शर्ट किंवा लायक्रा असलेला टॉप अंगाएवढा किंवा इंचभर कमी असला तरी बसतो. जॉर्जेट आणि साटन अजिबात ताणली जात नाहीत, त्यांच्यात कंजूषपणा केला तर शिवण काखेत उसवते.

दंडात आणि काखेत अडकते

सर्वांत जास्त चुका इथे होतात. साइज एकने वाढला की छाती साधारण २ इंच वाढते, पण बाहीचा घेर जेमतेम अर्धा ते पाऊण इंच. म्हणजे दंडाला दीड इंच जागा हवी म्हणून वर जात राहिलात, तर दोन-तीन साइज चढेपर्यंत छाती चार-सहा इंच ढगळ होते आणि शोल्डर हातावर उतरतं.

काखेचं गणित तर उलटं आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये हँडल धरायला हात वर केला की अख्खी कुर्ती वर चढते आणि काखेत ओढ बसते. इथे साइज कमी पडलाय असं वाटतं, पण बहुतेकदा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खूप खोल कापलेला असतो. बाही जिथे धडाला जोडली आहे ती जागा काखेपासून जितकी खाली, तितका हात वर करताना कपडा जास्त ओढला जातो. मोठ्या साइजमध्ये मुंढा आणखी खोल, म्हणजे त्रासही जास्त.

म्हणून दंड घट्ट असेल आणि छाती बरोबर असेल, तर साइज न बदलता कट बदला. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली रॅग्लन बाही, खाली पसरणारी बाही, खांद्यावरून सलग निघणारी सैल बाही, किंवा बाहीला लायक्राचं कापड. बऱ्याच स्लीव्हलेस कुर्त्यांच्या आत बाह्यांचं कापड वेगळं टाचून दिलेलं असतं. अशी कुर्ती दंड भरलेल्या बाईसाठी उत्तम, कारण बाही शिंप्याकडून आपल्या मापाने लावून घेता येते.

सीटवर कट फाकतो

सरळ कुर्तीचे बाजूचे कट उभं राहिल्यावर समांतर पडायला हवेत. ते उलट्या व्हीसारखे उघडत असतील तर सीटला जागा कमी आहे. कट कुठून सुरू होतो ते बघा. तो सीटच्या सर्वांत रुंद जागेच्या वर सुरू होत असेल, तर सीटचं माप जवळजवळ सोडून देता येतं. खाली सुरू होत असेल, तर सीटच्या मापावरूनच साइज ठरवावा लागतो.

उदाहरणादाखल छाती ३७, सीट ४२ धरू. कॉटनची सरळ कुर्ती हवी तर कपडा छातीला ४० आणि सीटला ४५ लागेल. दुकानातला एल छातीला ४० भरतो पण सीटला ४३. एक्सएल छातीला ४२, सीटला ४५. इथे एक्सएल घ्या आणि छातीला दोन इंच आत घ्या, म्हणजे प्रत्येक बाजूच्या शिवणीत अर्धा-अर्धा इंच. ए-लाइन किंवा उंच कटाची कुर्ती असेल तर एलच घ्या.

पुढून वर उचलली जाते, गळा मागे सरकतो

बाजूने बघितल्यावर पुढचा काठ मागच्यापेक्षा वर दिसत असेल, तर छातीच्या उभाराने कापड खाल्लं आहे. स्वस्त कुर्त्यांत कापड आणि वेळ वाचवायला टक्स, म्हणजे उभारासाठी आत दुमडून शिवलेल्या चिमट्या, दिलेले नसतात, म्हणून हे होतं. साइज वाढवून ही तक्रार पूर्ण जात नाही. टक्स असलेली, छातीवरून उभ्या शिवणी जाणाऱ्या प्रिन्सेस कटची किंवा योकखाली (छातीवरच्या वेगळ्या जोडलेल्या भागाखाली) चुन्या असलेली कुर्ती शोधा. गळा सारखा मागे जात असेल तरी बहुतेक वेळा कारण हेच असतं, कारण पुढचा भाग छातीवरून फिरून येताना कमी पडतो. शोल्डर रुंद असेल तर गळा मागे न जाता बाजूला घसरतो आणि ब्राचा पट्टा दिसतो.

सुरकुत्या बघायला शिका. छातीवर किंवा पोटावर आडव्या सुरकुत्या म्हणजे तिथे घट्ट. उभ्या घड्या म्हणजे तिथे सैल. तिरक्या रेघा जिकडे निघतात तिकडे अडचण आहे, मग ती छाती असो, काख असो वा जांघ.

उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर

रेडीमेड कुर्तीतली कंबरेची खोली, म्हणजे कुर्ती जिथे आत दाबलेली असते ती जागा, उंच बाईच्या हिशोबाने असते. उंची कमी असली की ती खोली सीटच्या वरच्या भागावर येते, आणि बरोबर साइजसुद्धा पोटावर घट्ट वाटतो. मग मोठा साइज घेतला जातो आणि खांदे लोंबतात. शोल्डर ते कंबर हे माप इथे कामाला येतं. आपलं १४ आणि कपड्याचं साडेपंधरा असेल, तर तो पॅटर्न आपला नाही. कंबर न दाबलेली सरळ कुर्ती, ए-लाइन, किंवा छातीखालीच जोड असलेली कुर्ती बघा. लांबी काठावरून कापता येते, कंबर वर सरकवता येत नाही.

जीन्स आणि पँट

जीन्सवरचा ३० म्हणजे ३० इंच कंबर नव्हे. पट्टा कमरेच्या कुठल्या रेषेवर बसतो यावर माप बदलतं. आसन साधारण ८ इंचांच्या आत असेल तर लो-वेस्ट, ८ ते १० मिड आणि त्यावर हाय. लो-वेस्ट पट्टा सीटच्या जवळ बसतो, म्हणून त्याचा घेर मोठाच लागतो. मिडमध्ये ३० आणि हायमध्ये ३० हे एकाच अंगाला बसतीलच असं नाही.

बटण लावून खाली बसा. मागे पट्टा पाठीपासून सुटत असेल तर सीट बरोबर आणि कंबर मोठी. ही जीन्स घ्या, मागच्या मधल्या शिवणीतून एक ते दीड इंच आत घेता येतं. त्याहून जास्त घेतलं की मागचे खिसे एकमेकांजवळ येतात. जांघेतून व्हीसारख्या रेघा निघत असतील तर आसन किंवा मांडी कमी पडते, आणि यावर शिंप्याकडेही इलाज नाही. लायक्रा असलेली जीन्स दिवसभरात अर्धा ते एक इंच सोडते, म्हणून ट्रायलला जरा आवळ असलेली चालेल. लायक्रा नसलेलीला हा नियम लावू नका.

पलाझोची लांबी रोजच्या चपलेवर बघा. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर ओला रेयॉनचा पलाझो जड होऊन आणखी खाली उतरतो. जमिनीपासून दीड-दोन इंच वर ठेवा.

धुतल्यावर आटते

रेयॉन आणि कॉटन पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतात, हलक्या प्रतीचं रेयॉन जास्तही. ४६ इंच लांबीची कुर्ती ४ टक्के आटली तर पावणेदोन ते दोन इंच जातात. रुंदीत फरक कमी पडतो, पण ४० छातीत एक इंच गेला तर मोकळेपणा संपला. अशा कापडात छातीला किमान ३ इंच जागा ठेवा. पहिल्यांदा गार पाण्यात धुवा आणि आल्टर त्यानंतरच करा. पॉलिएस्टर फारसं आटत नाही, तिथे ही जागा सोडायची गरज नाही.

ट्रायल रूममध्ये

तीन शेजारचे साइज न्यायची गरज नाही. आधी रॅकजवळच कपडा टेपने मोजा, जवळचा एक आणि त्याच्या वरचा एक न्या. जो साइज बसेल त्याचेच दोन कपडे घालून बघितले तर शिवणीतला फरकही कळतो. घातल्यावर आधी दोन्ही हात वर, मग हात पुढे करून पाठीवर ताण येतो का ते बघा, मग बसा. उभं राहून आरशात छान दिसणारी कुर्ती बसल्यावर पोटावर चढते. बटणं असतील तर छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का हे बाजूने बघा, समोरून दिसत नाही. झुडिओचे कपडे घरी मागवता येत नाहीत, त्यामुळे तिथे ट्रायल सोडू नका. गणपती-दिवाळीच्या तोंडावर सीवूड्सच्या किंवा वाशीच्या मॉलमध्ये शनिवार-रविवारी रांग असते, कामाच्या दिवशी सकाळी दुकान उघडताच गेलात तर शांतपणे बघता येतं.

जिथे ट्रायल नाही

ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा गोखले रोडच्या छोट्या दुकानांत घालून बघायची सोय बऱ्याचदा नसते. तिथे टेप आणि फोनमधले चार आकडे एवढंच हातात असतं. कपडा काउंटरवर सपाट पसरून काख ते काख मोजा. बाहीवरही टेप लावा, ती विसरली जाते. टेप नसेल तर आपली वीत किती इंचांची आहे हे आधीच मोजून ठेवा. जीन्सचा पट्टा गळ्याभोवती गुंडाळून बघायची युक्ती भरवशाची नाही, कारण मानेचा आणि कमरेचा संबंध प्रत्येकीचा वेगळा असतो आणि सीटबद्दल ती काहीच सांगत नाही. बदलून देणार का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

घरी मागवताना

मीशो, मिंत्रा, अजिओवरच्या तक्त्यात दोन तऱ्हेचे आकडे असतात, अंगाचे आणि कपड्याचे. 'गारमेंट' म्हटलं असेल तर त्यातून आपल्या चांगल्या कुर्तीचा आकडा जुळवा. 'टू फिट' म्हटलं असेल तर अंगाचा. ३६ छातीच्या बाईने 'गारमेंट ३६' मागवला तर तो अंगाला चिकटणारच. एकच फोटो अनेक विक्रेते वापरत असतील तर माल एकच असेल असं समजू नका. प्रत्येक विक्रेत्याचा तक्ता आणि त्याच्याखालचे अभिप्राय वेगळे वाचा. अभिप्रायात उंची आणि घेतलेला साइज दोन्ही दिले असतील तरच त्याला वजन द्या.

शिंप्याकडे काय होतं, काय होत नाही

छाती, कंबर आणि सीट आत घेणं, लांबी कमी करणं, बाही आखूड करणं ही सोपी कामं. शोल्डर कमी करायचं तर बाही उसवून, कापून पुन्हा लावावी लागते. चांगला शिंपी करतो, पण काम वेळखाऊ आहे. सैल करणं मात्र आतल्या मार्जिनवर अवलंबून. स्वस्त कुर्तीत बाजूची शिवण ओव्हरलॉक करून जेमतेम एक सेंटीमीटर कापड उरलेलं असतं, त्यातून काही निघत नाही. विकत घेण्याआधी कुर्ती उलटी करून हे बघा. आत एक इंच कापड असलेली कुर्ती मिळाली तर तिला पसंती द्या, पुढे अंग वाढलं तरी ती चालेल.

आत घ्यायला देताना 'मुंढ्यापासून कटापर्यंत साइड घ्या, कापड कापू नका' असं स्पष्ट सांगा. फक्त छातीजवळ घेतलं तर काखेखाली टोक निघतं. दंड घट्ट असलेली कुर्ती आधीच घरात असेल, तर लांबीतून कापलेली पट्टी फेकू देऊ नका. तिच्यातून तीन-चार इंचांचे दोन चौकोन निघतात. ते काखेत तिरके बसवले की बाहीला इंचभराहून जास्त जागा मिळते आणि हात वर करताना कुर्ती चढायचीही कमी होते.